वरचं पाणी, खालचं पाणी

आडबंदर गावासमोर समुद्रात एक मोठा खडक आहे. त्याच्याभोवती गावचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले. मग विक्रम सरनोबत तिथे स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटक नेऊ लागला. जाळी आड येतात म्हणून त्याच्या माणसांनी ती कापली, तेव्हा प्रकरण प्रांतसाहेबांपुढे गेलं.

सरनोबत परवाना नाचवतच आला. "साहेब, खडकापाशी पाण्याखालची परवानगी माझी आहे. यांनी वर होड्या खुशाल फिरवाव्यात, पण पाण्याखाली यांचं एक सूतही उतरता कामा नये."

मच्छीमार एकमेकांकडे बघू लागले. जाळं खाली सोडायचंच नाही, तर मासा मिळणार कसा? तेवढ्यात जानकी तांडेल उभी राहिली. कापलेल्या जाळ्यांत तिचंही एक होतं.

"माका मान्य आसा, सायबानू," ती शांतपणे म्हणाली. "खालचा पाणी ह्यांचा, वयला आमचा. आमचा जाळा खाली जावचा नाय. पण मगे ह्यांच्या माणसांनीय वर येवचा नाय."

"काय बोलतेस!" सरनोबत ओरडला. "सिलिंडर संपल्यावर माणसं वर आली नाहीत, तर मरतील ती!"

"आमचा पण तसाच आसा," जानकी म्हणाली. "जाळा खाली गेला नाय, तर आमी मरतलंव."

प्रांतसाहेबांनी परवाना मिटून सरनोबतच्या हातात दिला. सकाळी दहापर्यंत खडक जाळ्यांचा, त्यानंतर पर्यटकांचा, असा हुकूम झाला. कापलेल्या जाळ्यांच्या जागी सरनोबतने नवी जाळी द्यायची, हेही त्यातच लिहिलं गेलं.