पागोट्याचे माप

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळातल्या राजांची नावेही आज कुणाला आठवत नाहीत, तेव्हा नदीकाठी एक गाव होते. नदीवर बांध होता, बांधातून पाट निघाला होता आणि त्या पाटाच्या पाण्यावर गावाची सगळी शेती भिजत असे.

पाण्याची पाळी ठरवायला गाव आपला कारभारी निवडत असे. दर काही वर्षांनी देवळासमोर दोन मडकी ठेवली जात. जो माणूस हवा, त्याच्या मडक्यात चिंचोका टाकायचा. पुढची रीत मात्र त्या गावाखेरीज कुठेच नव्हती. कारभाऱ्याचे पागोटे जिंकलेल्याच्या डोक्यावर हरलेल्याने बांधायचे. ते बांधल्याशिवाय पाटाचे दार उघडायचे नाही.

तुम्ही म्हणाल, ही कसली रीत? हरलेल्याला आणखी का छळायचे? गावातही पुष्कळांना तसेच वाटे.

एका वर्षी जुने कारभारी हरले. लहानथोर त्यांना आबा म्हणत. त्यांनी बांध पक्का केला होता, किती तरी भांडणे मिटवली होती. पण पाटाच्या टोकाला ज्यांची शेते होती, त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचेतो तिथली पिके माना टाकत. त्यांच्यातलाच एक तरुण उभा राहिला. पाणी आधी टोकाच्या शेताला देऊ, एवढेच तो म्हणाला. चिंचोके त्याच्या मडक्यात पडले.

आबा घरी आले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मागोमाग त्यांचे सोबती आले. एक म्हणाला, जाऊच नका, बसू दे त्याला बोडक्या डोक्याने. दुसरा जवळ सरकला.

"जा, पण ढिलं बांधा. दार उघडायला वाकला की पागोटं पाण्यात. गाव पोट धरून हसेल."

सोबती गेले. आबांची बायको आतून सूप घेऊन आली आणि दाणे पाखडता पाखडता म्हणाली, "अहो, गहू ओंबीत आलाय. कोण जिंकलं नि कोण हरलं, ते त्याला ठाऊक नाही. त्याला तहान लागलीय."

आबांनी खुंटीवरचे पागोटे काढले आणि ते देवळाकडे निघाले.

त्या काळी पागोटे आधी गुडघ्यावर गुंडाळून आकार देत आणि मग डोक्यावर ठेवत. आबा बसले, गुडघा वर घेतला, कापड फिरू लागले. रोजच्या सवयीचे काम. हात चालत होते, मन भलतीकडेच होते. त्यांनी पागोटे उचलून तरुणाच्या डोक्यावर ठेवले, तसे ते घसरले आणि भुवया, डोळे झाकून नाकावर येऊन टेकले.

आबांचे सोबती मांड्यांवर थापा मारून हसू लागले. टोकाच्या शेतकऱ्यांचे चेहरे काळवंडले. एकाने फावडे उचलले.

"मुद्दाम केलंत, आबा. आमच्या माणसाचं माकड केलंत."

आबांनी मुद्दाम केले नव्हते. पण गप्प बसणे किती सोपे होते! सोबत्यांनी तो विजय मानला असता. मग दोन्हीकडची फावडी उठली असती आणि पाटाचे दार बंदच राहिले असते. आबांनी बांधाकडे पाहिले, मग पागोट्याखाली निमूट बसलेल्या त्या मुलाकडे पाहिले.

"चूक माझी आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "हातांना सवय माझ्या डोक्याची. तेच माप धरलं मी."

मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आबांचं डोकं मोठं झालंय, हे आम्ही कधीचं म्हणतोय."

या वेळी सगळेच हसले, आणि सगळ्यांत आधी हसले ते आबा. फावडे खाली आले.

आबांनी पागोटे पूर्ण सोडले. मग गुडघ्यावर नाही, थेट तरुणाच्या डोक्यावर ते एकेक वेढा घालू लागले. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "घट्ट होतंय का रे?"

"जरा कानापाशी."

आबांनी कानापाशी सैल केले. शेवटचे टोक खोचताना त्यांच्या ध्यानात आले, की इतकी वर्षे आपल्याच डोक्याचे माप ते गावाला लावत आले होते. गाव मात्र एका माणसाच्या डोक्याएवढे कधीच नसते.

दार उघडले. पाणी खळखळत टोकाच्या शेताकडे गेले. नवा कारभारी म्हणाला, "आबा, तुमच्या शेतात आधी सोडू का?"

"माझी पाळी आली की सोड," आबा म्हणाले, आणि फावडे घेऊन रांगेत उभे राहिले. कित्येक वर्षांनी त्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

त्या साली गहू सगळ्यांच्याच घरी आला.

पुढे तो तरुणही एकदा हरला, गावातल्याच एका बाईकडून. कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता तो पागोटे घेऊन आला आणि तिच्या पदरावरून हलक्या हाताने वेढे घालू लागला. कुणी तरी विचारले, इतकं छान बांधायला कुठे शिकलास? पारावर बसलेल्या म्हाताऱ्या आबांकडे पाहून तो हसला. मग त्या बाईला म्हणाला, "ताई, घट्ट होतंय का?"

पद आज ना उद्या जाते. ते दुसऱ्याला शोभेल असे बांधून देणाऱ्याचा मान मात्र कधीच उतरत नाही.