खोटं काढ, खरं ठेव

एका तालुक्याच्या गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव अंबादास. सांगितलेलं काम तो करायचाच. तेवढीच त्याची खोड होती.

तिथल्या एका छोट्या कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी बनत होती. पेटीतलं तापमान वाचणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अंबादास लिहायचा. पेटी गार पडली की गजर वाजायला हवा. सोमवारी डॉक्टर तपासायला येणार होते. पास झाली तरच गावच्या दवाखान्याला पेटी मिळणार होती.

अंबादासची वरिष्ठ सुलभा. सात महिन्यांच्या मुलीची आई. म्हणजे रात्री झोप नाही, आणि दिवसा ‘आपणच नीट सांगत नाही की काय’ ही धास्ती.

“खरा सेन्सर यायचाय,” ती म्हणाली. “तोवर ड्रायव्हरला खोटा दाखवू. तापमान कोडमध्ये कोंबू नकोस. बाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेव.”

“ठेवतो, ताई.”

अंबादासने पुठ्ठ्यावर ‘तापमान ३६’ लिहिलं आणि अंगणातल्या शेवग्याला टांगलं. एन्व्हायर्नमेंट म्हणजे पर्यावरण, हे त्याला शाळेपासून पाठ होतं.

“अरे, झाडाला नाही! प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी त्याच्या कानावर घालायचं.”

“असं आधी सांगायचं ना, ताई.”

त्याने कॉम्प्युटरचा कान शोधला. पंख्याची जाळी सापडली. तिथे तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, “तापमान छत्तीस.” कॉम्प्युटर घूं घूं करत राहिला. ऐकतोय, असं त्याला वाटलं.

“टाईप कर रे बाबा! टेंप, बरोबरचं चिन्ह, छत्तीस. आणि टेंप मोठ्या अक्षरांत हं, नाहीतर ड्रायव्हर ओळखणार नाही.”

“असं आधी सांगायचं ना, ताई.”

त्याने अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर नुसता ‘टी’ मावला. ‘ई’साठी तो शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे गेला.

शेवटी सुलभाने त्याचा हात धरून लिहून घेतलं. ड्रायव्हर फसला. पेटीवर ३६ झळकलं.

सोमवारी नेमकं पाळणाघर बंद. सुलभाने लेकीला, रेवाला, कामावरच आणलं आणि झोळीत निजवलं. खरा सेन्सर आला होता, तो तिने जोडला. पण तो छत्तीसचा आकडा पुसल्याशिवाय ड्रायव्हर खऱ्याकडे ढुंकून पाहणार नव्हता. डॉक्टरांनी चाचणीची रबरी बाहुली दुपट्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि ते चहाला निघाले. त्यांच्यामागून जाता जाता सुलभा म्हणाली, “अंबादास, आता पेटीतलं खोटं काढ, खरं ठेव. एवढं एकच काम.”

“समजलं, ताई.” आज पहिल्यांदाच त्याला खरोखर समजलं होतं.

चहा झाला. डॉक्टरांनी दुपट्याच्या पायथ्याशी बर्फाची पिशवी सरकवली. पडद्यावर छत्तीस. मिनिट गेलं. छत्तीस. सुलभा अंबादासकडे वळली.

आणि गजर वाजला!

“वा,” डॉक्टर म्हणाले, “आवाज दणदणीत आहे.”

सुलभाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण आकडा छत्तीसच होता. मग गजराला उचकी लागली. आणि सुलभाला पान्हा फुटला. यंत्राचा आवाज ऐकून असं तिला कधी झालं नव्हतं.

तिने झाकण उघडून दुपटं ओढलं. आत जेमतेम मावलेली रेवा, रडून लालबुंद. झोळीत बाहुली शांत निजली होती.

“अरे, हे काय केलंस?”

“खोटं काढलं, खरं ठेवलं.”

“आणि तो छत्तीस? तो का नाही काढलास?”

“तो कसा खोटा, ताई? तुम्ही स्वतः हात धरून लिहून घेतलाय.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: गजर नापास.

अंबादासने वाकून वाचलं. त्याला फार वाईट वाटलं.

“असं काय करता, डॉक्टर,” तो म्हणाला. “एवढा वाजला की!”