आघाडीची गाडी

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात अरुण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला होता. सार्थवाह म्हणजे बैलगाड्यांचा तांडा घेऊन दूरदेशी माल नेणारा व्यापारी. त्या जन्मी त्यांचे नाव होते नंदिसेन. त्याच नगरात वसुदत्त नावाचा दुसरा, वयाने मोठा सार्थवाह राहत असे. त्याच्या गाडीला राजाने दिलेल्या पितळी घंटा होत्या. घंटांची गाडी वाटेवर सर्वांच्या पुढे. तिला ओलांडून कोणी जायचे नाही, अशी चाल होती. मागच्यांनी मुकाट्याने धूळ खायची.

एवढा मान असून वसुदत्ताला सुख नव्हते. नंदिसेन त्याच्या डोळ्यांत खुपत असे. नंदिसेनाने बैलांना नवी वेसण केली की हा आपल्या बैलांना रेशमाचे गोंडे लावी. एकदा जेवताना त्याची बायको रोहिणी सहज म्हणाली, "अहो, नंदिसेनाचे बैल पाहिलेत? पाठीवर माशी बसली तर घसरून पडेल!" वसुदत्ताने हातातला घास ताटात टाकला आणि तो उठून गेला. त्या दिवशी त्या घरात कोणी धड जेवले नाही.

एका वर्षी डोंगरावरच्या श्यामगिरी नगरावर टोळधाड आली. उभी पिके गेली, आसपासच्या माळांवरचे गवतही गेले. माणसे कंद उकरून खाऊ लागली. राजा अरुणाने कोठारे उघडली, दोघा सार्थवाहांना सारखे धान्य दिले आणि सांगितले, "ज्याची गाडी धान्य घेऊन आधी पोहोचेल, तिला इथून पुढे आघाडीचा मान. या खेपेला ओलांडायला कोणाला मनाई नाही."

वसुदत्त तडक गोठ्याकडे निघाला. वडिलांच्या वेळचा मान पणाला लागला होता, आणि तोही कोणापुढे, तर नंदिसेनापुढे! दोन बैल पुरतील त्या गाडीला त्याने चार जुंपायला सांगितले. वाटेत चाऱ्यासाठी थांबले तर नंदिसेन गाठील, म्हणून वैरणही बरोबरच घ्यायची ठरवली. त्याचा म्हातारा गाडीवान तिष्य डोके खाजवीत उभा राहिला.

"धनी, वैरणीच्या गाड्या ओढायला आणखी बैल लागतील."

"मग लाव की!"

"त्या बैलांनाही वैरण लागेल."

"आणखी गाड्या घे."

"धनी, त्या गाड्यांचे बैल तरी काय खातील?"

"तिष्य, तू माझं खातोस की नंदिसेनाचं?"

तिष्य आणखी बैल आणायला गेला. अशा धन्याला याहून जास्त सांगण्यात अर्थ नसतो. तांडा निघाला तेव्हा त्याचे शेपूट वेशीबाहेर पडायला दुपार झाली, आणि एवढ्या गाड्यांत धान्याच्या थोड्याच होत्या.

नंदिसेन मागून आला. पहिल्या गावापाशी वसुदत्ताने वळून पाहिले, तो नंदिसेनाचे बैल रिकाम्या गाड्या घेऊन घराकडे परतताना दिसले. "हरला! पहिल्याच मजलेला हरला!" म्हणून त्याने मांडीवर थाप मारली. पण दुसऱ्या दिवशी नंदिसेन पुन्हा मागे हजर. त्याची पोती त्या गावाच्या गाड्यांवर चढली होती. त्या गावाचे बैल पुढच्या गावापर्यंत ओढीत, तिथले त्याच्या पुढच्या गावापर्यंत. संध्याकाळी प्रत्येक बैल आपल्या दावणीला, आपल्याच गोठ्यातली वैरण खायला. श्यामगिरीच्या कितीतरी लेकी त्या गावांत सुना होऊन आल्या होत्या. नंदिसेनाने हात जोडून एका दिवसाची मेहनत मागितली आणि कोणी नाही म्हटले नाही.

"दुसऱ्यांच्या बैलांवर सार्थवाह झालाय," वसुदत्त कुत्सितपणे म्हणाला. पण गावोगावच्या बायका नंदिसेनाला ताक देतात, त्याच्याशी हसून बोलतात, हे पाहून त्याच्या अंगाची लाही लाही होई. मला कोणी का बोलावत नाही? आपण कुठे थांबलोच नाही, हे त्याच्या मनात येत नसे.

पुढे टोळांनी खाल्लेला मुलूख लागला. गवताची काडी नव्हती. बरोबरची वैरण संपली आणि भुकेले बैल धान्याच्या पोत्यांना तोंड लावू लागले. तिष्य म्हणाला, "धनी, निम्मे बैल मागच्या गावात सोडू या. दोन बैलांवर गाडी चालेल, हळू चालेल एवढंच."

"आणि त्याला जवळ येऊ देऊ?" वसुदत्त कडाडला. "पोती फोडा. बैलांना घाला."

असे प्रत्येक मुक्कामी पोते फुटत गेले. श्यामगिरीच्या घाटात तांडा शिरला तेव्हा बहुतेक गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि पहिल्याच चढावर घंटांच्या गाडीचे बैल गुडघे टेकून बसले. बाकीच्या गाड्या खालच्या वळणावर कडेला राहिल्या होत्या, पण इथे वाट अरुंद होती. मागून नंदिसेन शेवटच्या गावाच्या गाड्या घेऊन आला. त्या गावात माळ्यांवर मागच्या वर्षाचा कडबा शिल्लक होता, म्हणून बैल ताजेतवाने होते.

"दादा, गाडी जरा बाजूला घ्याल का?" नंदिसेनाने विचारले. "वर माणसं उपाशी आहेत."

वसुदत्त गाडीला पाठ लावून बसला. "आघाडीची गाडी ही. हिला ओलांडून कोणी जायचं नाही."

गावकरी संतापले. "ढकला ती दरीत!" एकजण ओरडला. नंदिसेनाने त्याला थांबवले. त्याने वसुदत्ताच्या तोंडाकडे पाहिले. त्या तोंडावर इतके दुःख होते की त्याला राग धरवेना. मग तो म्हणाला, "दादा, तुमची गाडी पुढेच राहू द्या. ती पुढे गेली की आम्हीही जाऊ."

त्याने वसुदत्ताचे थकलेले बैल सोडवून कडबा खायला खालच्या गावी धाडले. त्या गाडीला गावकऱ्यांचे बैल जुंपले, तिच्यात आपली पोती भरली आणि स्वतः मागून चाकाला खांदा लावला.

घंटा वाजत गाडी श्यामगिरीत शिरली. लोकांनी वसुदत्ताच्या पायांवर डोकी ठेवली, त्याला खांद्यावर उचलले. मान राहिला होता. वसुदत्ताची नजर मात्र नंदिसेनाला शोधत होती. त्याचा उतरलेला चेहरा एकदा पाहिला की झाले! नंदिसेन धुळीने माखून एका म्हातारीच्या पदरात धान्य ओतत होता आणि तिच्याहून जास्त खूश दिसत होता.

वसुदत्त त्याच्यापाशी गेला. "तुला जरासुद्धा वाईट वाटत नाही?"

"कशाचं, दादा?" नंदिसेनाने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते.

वसुदत्ताला तिथेच रडू कोसळले. सगळे मिळवूनही आपण याच माणसावर जळतो आहोत, आणि याच्याजवळ तर हिसकावून घेण्यासारखे काहीच नाही, हे त्याला दिसले. तो लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "माझ्या पाया पडू नका. हे धान्य याचं आहे. तुमच्या वाटणीचं जे माझ्याकडे दिलं होतं, ते मी वाटेत माझ्या बैलांना चारून आलो."

जेतवन विहारात ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोरच्या एका भिक्षूकडे पाहिले. शेजाऱ्याच्या पात्रात तुपाचा भात पडला म्हणून त्या सकाळी त्याला जेवण गेले नव्हते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुदत्त म्हणजे हा भिक्षू. याची समजूत घालून दमलेला वृद्ध स्थविर म्हणजे तिष्य गाडीवान. आणि नंदिसेन मीच होतो. दुसऱ्याचे पात्र भरलेले पाहून आपले मन आनंदाने भरून येणे, याला मुदिता म्हणतात."

त्या भिक्षूने मान खाली घातली आणि शेजाऱ्याला हळूच विचारले, "भात चांगला होता का?"