धोंड्यांना वळसा

"पण तिथं पुरलंय कोण, ते तरी सांगा!"

वासुदेवशास्त्री चांगलेच तापले होते. काशीला बारा वर्षं शिकून ते कवडूबुवांकडे मंत्र घ्यायला आले होते आणि बुवांनी त्यांच्या हाती नांगर दिला होता. शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नांगराची एक रेघ, एक तास सरळ काढा, मग मंत्र देतो, एवढीच अट.

शेताच्या ऐन मध्यावर एक बुटका उंचवटा होता. भोवती काळ्या धोंड्यांचं कडं. पाहणीला आलेले साहेब सांगून गेले होते, की ही कुणाची तरी कबर आहे, तीन हजार वर्षांची.

शास्त्रीबुवांनी तीनदा नांगर धरला. कासरा ओढून हात सोलले. तीनदा बैल धोंड्यांपाशी आले नि आपसूक वळसा घालून पुढं गेले.

"कोन हाये ते मले नाही मालूम," कवडूबुवा म्हणाले.

"बैलांना माहीत आहे?"

"त्याईले कुठून?"

"तुमच्या वडिलांना?"

"त्याईलेही नोतं मालूम. पन वळत होते."

"का?"

कवडूबुवांनी बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि त्यांच्या पाठी थोपटल्या.

शास्त्रीबुवांचा संयम सुटला. मला त्यांचा राग येत नाही. आपणही तेच बोललो असतो.

"नाव नाही, कूळ नाही, अशा कुणासाठी मी वाट वाकडी करणार नाही. ठेवा तुमचा मंत्र!"

पडशी खांद्यावर टाकून ते तरातरा निघाले. गाडीरस्ता समोरच होता, शेत ओलांडून नाकासमोर. रागाच्या भरात स्तोत्र पुटपुटत ते उंचवट्यापर्यंत पोचले...

आणि पलीकडे गेल्यावर थबकले.

काळे धोंडे त्यांच्या उजव्या हाताला राहिले होते. वहाणा पायांत नव्हत्या, हातात होत्या. कधी काढल्या, त्यांचं त्यांनाच कळेना.

मागून बुवांचं खदाखदा हसू आलं.

"शास्त्रीजी, बैल त इकडंच उभे हायेत... तुमाले कोनं वळवलं? या वापस, मंत्र घेऊन जा!"