ओट्यावरची खोकी

कृष्णाकाठच्या एका गावात कुंदा नावाची बाई हलव्याचे दागिने करी. तिच्या हलव्याला असा सुरेख काटा येई की लांबलांबच्या शहरांतून मागणी असे. समोरच्या घरातली शैला हे काम तिच्याच हाताखाली शिकलेली. दोघी एकाच साइटवर आपापला माल विकत.

संक्रांत तोंडावर आली आणि एका सकाळी कुंदाचा फोन गप्प झाला. मागणी नाही, साधी चौकशी नाही. साइट उघडेचना. तिने तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “आमच्याकडून सगळं सुरळीत आहे, मॅडम.”

सगळं सुरळीत! मग माझंच दुकान बंद कसं? कुंदाची नजर समोर गेली. शैलाच्या ओट्यावर बांधलेल्या खोक्यांची चळत होती. कुंदाच्या मनात पाल चुकचुकली. हिनेच साइटवाल्यांकडे आपली खोटी तक्रार करून केसाने गळा कापला नसेल ना?

“तुझी साइट चालते का गं?” एवढंच विचारायचं होतं. पण धंदा बसलाय हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं?

“काय शैला, जोरात दिसतंय!”

“पाणी प्यायला सवड नाही, कुंदाताई. तुमचं?”

“माझंही तेच.”

बोलून तर गेली. मग तिने रिकाम्या खोक्यांना चिकटपट्टी लावली आणि आपल्या ओट्यावर शैलापेक्षा उंच चळत रचली. दुसऱ्या दिवशी शैलाची चळत त्याहून उंच झाली. कुंदाचा संशय पक्का झाला.

अशात शहरातला एक दुकानदार टेम्पो घेऊन आला. दोन्ही ओट्यांकडे पाहून तो हसला. “साइट सगळ्यांचीच बंद पडलीय, म्हणून मीच माल शोधत निघालो. तुम्ही दोघी मात्र नशीबवान! सगळं विकलं गेलेलं दिसतंय. की आहे काही शिल्लक?”

सगळ्यांचीच! कुंदाने चमकून समोर पाहिलं. शैला दारात उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता.

घरात डबे हलव्याने काठोकाठ भरले होते. ‘आहे’ म्हटलं की काम होतं. पण मग ओट्यावरची खोकी कसली, असं शैला विचारील. कुंदा बोलली नाही. शैलाही बोलली नाही.

“बरं, पुढच्या गावात बघतो,” म्हणून दुकानदार टेम्पोत चढला.

साइट सुरू झाली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. आता पाठवलेला माल सणाला पोचणार नव्हता. दोघी ओटा आवरायला बाहेर आल्या. शैलाने एका हाताने चार खोकी सहज उचलली. कुंदा बघत राहिली.

“ताई,” शैला हळूच म्हणाली, “तुमची तरी जड होती का?”

“तुझ्याइतकीच गं.”

तात्पर्य: शेजाऱ्यावर संशय धरून आपली अडचण झाकू नये. संकट सगळ्यांवर येतं, पण अडचण झाकणाऱ्याच्याच हातून दारी आलेला मार्ग निसटतो.