मानाचा फिल्टर, कामाचा फिल्टर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा पंचक्रोशीत गाडी म्हटलं की बैलच डोळ्यांपुढे यायचे, आणि डिझेलवर चालणारी गाडी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एकाच घरी होती. त्या घरात लग्न होऊन तीनच महिने झालेली एक सून होती. एका सकाळी ती गोठ्यात शेण गोळा करत असताना भिंतीपलीकडे सासरा सासूशी बोलला, ते तिच्या कानावर पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं.

"पोरीचं बाळंतपण होईस्तोवर सुनेला माहेरी राहू दे. हिचा पाय घराला लागला आणि गाडीनं मान टाकली."

सासूनं "बरं" म्हटलं. तिचं ते "बरं"ही सुनेला नीट ऐकू आलं.

गाडीनं मान टाकली होती हे खरंच होतं. तीन महिन्यांत तीनदा. बाजार आणि दवाखाना दोन्ही घाटापलीकडे, आणि घाट चढायला लागलं की गाडीला धाप लागायची, मग ती गचके खात उभी राहायची. पहिल्या वेळी गाडीत नुसती धान्याची पोती होती. दुसऱ्या वेळी गावचा म्हातारा गुराखी होता. त्याच्या छातीत कळ आली होती. गाडी तिसऱ्या वळणावर थांबली आणि गुराख्याचा श्वासही तिथंच थांबला. तेव्हापासून पाणवठ्यावर सून आली की बायका हंडे लवकर भरायच्या.

आता नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडून अंगणात उभी होती. अशा वेळी सून माहेरी गेली, तर तिला परत आणायला कोण कधी येईल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

बिघाड दर वेळी एकच असायचा. डिझेल गाळणारा फिल्टर तुंबायचा. फिल्टर यायचा व्याह्यांच्या दुकानातून, म्हणजे नणंदेच्या सासऱ्यांकडून. घाटापलीकडच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं दुकान होतं. तिथं गादीवर बसवत, चहा देत, घरच्यांची खुशाली विचारत, आणि फिल्टर कागदात बांधून हातात ठेवत. जुना कसा गेला, हे व्याही विचारत नसत. व्याह्यांना 'दाखवा' म्हणणं म्हणजे त्यांच्या शब्दावर संशय घेणं. आणि सासराही दाखवत नसे. लेक दिलेल्या घरापुढे आपलं मोडकं कशाला मांडायचं?

मोडकं घरातही ठेवायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. फुटकं मडकं असो की तुटकं लोखंड, ते गावाखालच्या डोहात सोडायचं. हे काम घरात सगळ्यांत नवीन असेल त्याचं. म्हणून आधीचे दोन फिल्टर सुनेनंच डोहात सोडले होते. दोन्ही वेळा तिला ते वाटले त्याहून जड लागले होते आणि आत काहीतरी डुचमळलं होतं. पण ती कुणाला काही बोलली नव्हती. नव्या सुनेनं गाडीतलं बोलू नये, असं तिला वाटलं होतं.

त्या सकाळी तिसरा फिल्टर घेऊन ती डोहावर गेली. काठावर बराच वेळ बसली. मग तिनं तो पदराखाली घेतला आणि रिकाम्या हातानं परत आल्यासारखी घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा बैलगाडी जुंपून निघाला. बाजारातून नवा फिल्टर घ्यायचा आणि तसंच पुढे जाऊन बायकोला माहेरी सोडायचं, असं त्याला सांगितलेलं होतं. नवरा भला होता. गाडी तोच चालवायचा, तोच पुसायचा. पण बापापुढे त्याच्या तोंडून ब्र निघायचा नाही. वाटभर बैलांच्या घुंगरांचाच काय तो आवाज होता.

व्याह्यांच्या दुकानात रीतीप्रमाणे चहा झाला, खुशाली झाली, फिल्टर कागदात बांधून झाला. बाजाराच्या टोकाला आल्यावर सून म्हणाली, इथं जरा थांबा.

तिथं एका विधवा बाईचं लहानसं दुकान होतं. तिच्याकडेही गाड्यांचे सुटे भाग मिळत. लोक म्हणायचे, तिच्याकडे माल कमी आणि उलटतपासणी जास्त. सुनेचं माहेर त्याच वाटेवर होतं. लहानपणापासून येता-जाता तिनं लोकांना त्या दुकानातून पुटपुटत बाहेर पडताना पाहिलं होतं. पण पुढच्या खेपेला तीच माणसं पुन्हा त्याच पायऱ्या चढताना दिसायची, हेही तिनं पाहिलं होतं.

नवरा कचरला. आबांना कळलं तर घरात घेणार नाहीत, असं म्हणाला. सून तोवर खाली उतरली होती.

दुकानातली बाई या-बसा काही म्हणाली नाही.

"जुना आणलाय?"

सुनेनं गाठोडं सोडलं आणि फिल्टर पुढे ठेवला. नवरा बघतच राहिला. त्याच्या लेखी तो डोहाच्या तळाशी होता.

बाईनं फिल्टर हातात तोलला आणि आतलं सगळं काचेच्या बरणीत ओतलं. मग हात पुसत वाट बघत बसली. हळूहळू बरणीत पिवळसर डिझेल वर आलं आणि खाली दोन बोटं पाणी उरलं. घरी रोज दिवा लावणाऱ्या बाईला तेल कुठं राहतं आणि पाणी कुठं बसतं हे शिकवावं लागत नाही. सून नुसती बघत होती. बाईनं करवतीनं फिल्टर कापला. आतला कागद भिजून ओल्या पापडांसारखा एकावर एक चिकटला होता.

"डिझेल कुठून भरता?"

नवरा म्हणाला, घरच्या पिंपातून, महिन्याचं एकदम येतं. पिंप कुठं असतं, तर अंगणात. झाकण काय आहे, यावर तो खाली बघायला लागला.

"गोणपाट," सून म्हणाली.

बाईनं मान हलवली. "मग पाऊस नि दव आत उतरणारच. पण हा माल खोटा नाही. इकडच्या गाड्या पंपावर ताजं डिझेल भरतात, सपाटीला चालतात. त्यांना हाच वर्षभर जातो. तुमच्या पिंपापुढे नि तुमच्या घाटापुढे हा पुरायचा नाही. जागेवर बसला म्हणजे चालला असं नसतं, बाळा."

मग तिनं इंजिनावरचा आकडा विचारला. रोज सकाळी तो आकडा फडक्यानं पुसणाऱ्या नवऱ्यानं तो एका दमात सांगितला. बाईनं आतून वेगळा फिल्टर आणला. त्याला खाली काचेची वाटी होती आणि वाटीच्या तळाशी स्क्रू. आठ दिवसांनी स्क्रू सैल करायचा, पाणी गेलं की आवळायचा. आणि पिंपाला झाकण करा, नाहीतर हा फिल्टरही एक दिवस तुमच्या नावानं बोटं मोडेल, असं तिनं बजावलं.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं कासरा हातात घेतला. माहेरची वाट समोर होती. त्यानं बैल मागे वळवले.

"पाणी काढताना बरणी धरायला कुणीतरी लागेल," एवढंच तो म्हणाला.

घरी मात्र त्याची जीभ पुन्हा टाळूला चिकटली. सून परत आलेली बघून सासऱ्यानं तोंड फिरवलं. नवऱ्यानं व्याह्यांचा फिल्टर बापाच्या हातात दिला, बापानं तो गाडीला बसवून घेतला, आणि दुसरा फिल्टर सीटखाली गेला. एक मानाचा, एक कामाचा, सुनेच्या मनात आलं. आणि ती गप्प राहिली. ती शहाणी होती म्हणून हे लपवायचं कारण नाही. तिला ठाऊक होतं, आणि तरी ती गप्प राहिली.

पाचव्या दिवशी भर दुपारी नणंदेला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटावर हात ठेवला आणि बाळ आडवं आहे, दवाखाना गाठा, असं सांगितलं. सासऱ्यानं पिंप तिरपं करून तळाचं होतं-नव्हतं तेवढं डिझेल गाडीत ओतलं. सून दारात उभी होती. तिला गाडीत घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण नणंदेनं तिचा हात घट्ट धरला तो सोडलाच नाही. वहिनी येणार नसेल तर मीही चढणार नाही, म्हणाली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर गाडीला धाप लागली, तिनं दोन गचके दिले आणि ती उभी राहिली.

ते वळण सगळ्यांनाच ओळखीचं होतं. सासऱ्यानं मागे वळून सुनेकडे पाहिलं. सुनेच्या मांडीवर नणंदेचं डोकं होतं, आणि नणंदेनं ओठ इतके दाबले होते की ते पांढरे पडले होते.

"आबा," नवरा म्हणाला. बापापुढे त्याचा आवाज असा पहिल्यांदाच निघाला. "सीटखाली दुसरा फिल्टर आहे. आम्ही बाजाराच्या टोकाच्या बाईकडून आणला. तुम्हाला सांगितलं नाही."

सासरा बाह्या वर करून खाली उतरला. "बसव," म्हणाला. "पाना दे इकडे."

त्यानं व्याह्यांचा फिल्टर स्वतःच्या हातानं सोडवला. तो जड लागला. त्यानं तो तळहातावर उपडा केला, आणि तळहात पाण्यानं भरला. डिझेलचा नुसता वास होता. तो त्या पाण्याकडे बघत राहिला, बोटांमधून ते सगळं गळून जाईपर्यंत.

"म्हणजे तो गुराखी..." एवढं बोलून तो थांबला. ते वाक्य त्यानं पुढे कधीच पूर्ण केलं नाही.

नवऱ्यानं कामाचा फिल्टर बसवला, नळीतली हवा काढली. गाडी सुरू झाली. वाटेत दोनदा थांबून स्क्रू सैल करावा लागला, दोन्ही वेळा खाली उतरून सासऱ्यानंच तो सैल केला. उन्हं कलायच्या आत ते दवाखान्यात पोचले. दिवेलागणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण वाचली, पण थोडक्यात. आणखी थोडा उशीर झाला असता तर आपण दारातून हात जोडून परत पाठवलं असतं, असं दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी व्याही नात बघायला आले. घाटात काय झालं ते त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं मी घरचं समजून माल दिला, त्यात एकदाही खोट ठेवली नाही, मग माझं चुकलं कुठं, असं त्यांनी विचारलं. सासऱ्यानं मान खाली घातली. व्याह्यांचं दुकान सोडलं तर लेकीच्या घरी उणं दिसणार, न सोडलं तर तिसरं वळण डोळ्यांपुढून हलणार नाही. तो सुनेकडे बघायला लागला. मग सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

सांगणारे या गोष्टीचं सार एका ओळीत सांगतात: आपला बिघाड दाखवायला लाजू नये, आणि तो न विचारता नवं देणाऱ्याकडून, सोयरा असला तरी, काही घेऊ नये.

सुनेला मात्र ते सासऱ्यादेखत व्याह्यांना सांगायचं होतं. तिनं पदर सारखा केला, बाळाला नणंदेच्या कुशीत नीट ठेवलं आणि म्हणाली,

"मामा, आमच्यासाठी दुकान तुमचंच राहील. फक्त आम्ही आलो की जुना फिल्टर आधी मागा, आणि डिझेल कुठलं भरता ते विचारा. आम्ही दाखवायला लाजलो, तर आम्हाला नवा देऊ नका."