शिगेचे माप

एकदा एका बंदराच्या नगरात भीती शिरली. दोन वर्षे पाऊस हात आखडून पडला होता, विहिरींनी तळ दाखवला होता आणि ज्वारीचा भाव रोज चढत होता. भीती शिरली की पाणी कमी का झाले हे माणसे विचारत नाहीत, पिणारे कोण जास्त झाले ते मोजू लागतात. या नगरानेही तेच केले.

मोजायला माणसे हाताशीच होती. पूर्वी एका मोठ्या दुष्काळात दोन परके समाज या नगराच्या आसऱ्याला आले होते. एक गलबतांतून आला, त्यांना दर्यापारचे म्हणत. दुसरा घाट उतरून पायी आला, ते डोंगरपारचे. दर्यापारच्यांची आता भर पेठेत वखारी आणि दुमजली घरे होती. डोंगरपारचे मात्र अजून खाडीकाठच्या झोपड्यांतच होते. शिंपल्या भाजून ते चुना करीत आणि तो विकून कसेबसे पोट भरीत. नगरातले शहाणे ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता म्हणत, "एकाच साली आले, एकाच बाजारात बसले, एकाच विहिरीचं पाणी प्याले. मग फरक कशाचा? रक्ताचा!" हा हिशेब सगळ्यांना पटे, कारण तो मांडायला ओट्यावरून उठावे लागत नसे.

नगरशेठ हा सभेचा प्रमुख आणि धान्याचा, चुन्याचा सर्वांत मोठा व्यापारी. एके दिवशी तो नगराबाहेरच्या आश्रमात वृद्ध आचार्यांकडे आला.

"आचार्य, सगळ्यांना पुरेल इतकं आता नगरात नाही," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत ज्यांना वर येता आलं नाही, ते पुढेही येणार नाहीत. पावसाळ्यापूर्वी त्यांना घाटापलीकडे परत पाठवावं असं सभेच्या मनात आहे. पण अन्याय नको. दोन्ही समाजांची तुलना व्हावी आणि ती आपल्या तोंडून यावी."

"घाटापलीकडे आहे काय?" आचार्यांनी विचारले.

"ते त्यांचं त्यांनी पाहावं."

आचार्य मागे उभ्या असलेल्या शिष्याकडे वळून म्हणाले, "तू जा. दोन्हीकडे हिंड, बघ, आणि अमावास्येच्या सभेत काय ते सांग."

शिष्य स्वतः डोंगरपारचा होता. आईच्या कडेवर बसून तो घाट उतरला होता. पहिल्याच उन्हाळ्यात आई गेली आणि आश्रमाने त्याला पदरात घेतले; कुठला, हे कोणी विचारले नव्हते. ही गोष्ट आता कोणालाच ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती. त्याने जिभेला वळण लावले होते, 'न्हाई'चे 'नाही' केले होते. पेठेत कोणी डोंगरपारच्यांच्या आळसावर विनोद केला की तो हसे, आणि इतरांच्या क्षणभर आधी हसे. आता त्यालाच तराजू धरायचा होता. आपल्या लोकांची बाजू घ्यावी तर लोक विचारतील, तुला रे इतका कळवळा कशाचा? न घ्यावी तर तेच लोक बायकापोरांसह त्या उघड्या, करपलेल्या घाटावर चढतील. भ्यालेला माणूस कठोर होतो, तसा तोही झाला. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून त्याने मनाशी निकाल आधीच लावून टाकला.

तो दर्यापारच्यांकडे गेला. तिथे त्याला एकी दिसली, टापटीप दिसली, लहान भावाला दुकान घालून देणारा थोरला भाऊ दिसला. मग तो खाडीकाठी गेला. तिथे त्याला भट्ट्यांचा धूर दिसला, चुन्याने भेगाळून उललेले हात दिसले आणि दारादारांत बांधून ठेवलेली गाठोडी दिसली. सभेची कुणकुण वस्तीला लागली होती. पोरांना बायका खेळायला लांब जाऊ देत नव्हत्या. शिष्याने तिथे फार प्रश्न विचारले नाहीत. कोणी आपल्या तोंडाकडे निरखून पाहील, या धास्तीने तो मान खाली घालूनच परतला.

"गुरुजी, बाजार एक, वर्षं तितकीच, कष्टही सारखेच," तो आचार्यांना म्हणाला. "तरी एक समाज चढला आणि एक तिथंच राहिला. दोष माणसांतच असला पाहिजे."

आचार्य कोठारात गेले आणि एक जुने काळे घोंगडे व चुन्याची टोपली घेऊन बाहेर आले. डोंगरपारचे पुरुष पांघरतात तसे ते घोंगडे त्यांनी शिष्याच्या डोक्यावरून पांघरले.

"हा चुना नगरशेठच्या दुकानी दे आणि बदल्यात ज्वारी आण. बोलू नकोस. नुसता बघ."

"मला कोणी ओळखलं तर?" शिष्य म्हणाला.

"काय म्हणून ओळखतील?" आचार्यांनी विचारले. शिष्य टोपली उचलून निघाला.

पेठेतून जाताना घोंगड्याखाली त्याला दरदरून घाम फुटला. काल ज्यांनी त्याला नमस्कार केला होता, तेच आज त्याच्या वाटेतून पोरांना बाजूला ओढत होते. एक जण म्हणालाही, "अजून गेले नाहीत हे?" हे घोंगडे फेकून द्यावे आणि ओरडून सांगावे, मी यांच्यातला नव्हे, असे त्याला वाटले. ते वाटले याची लाजही वाटली.

दुकानात रिवाज ठरलेला होता, चुन्याची दोन मापे घालावीत आणि ज्वारीचे एक न्यावे. त्याच्या पुढे खाडीकाठची एक म्हातारी उभी होती. तिने माप चुन्याने भरले, मग काठावर आणखी ओतत गेली. त्यावर चांगला उंच ढीग झाला, ज्याला आपण शीग म्हणतो. नगरशेठ बघत होता. "अजून थोडं," तो म्हणाला. शीग घसरून खाली सांडू लागली तेव्हा कुठे त्याची मान हलली. मग त्याने ज्वारीचे माप भरले आणि काठावरून फळी फिरवली. वरचे दाणे परत त्याच्या पोत्यात गेले. म्हातारीने ती सपाट ज्वारी पदरात घेतली, आणि जाताना नगरशेठकडे पाहून कळवळून हात जोडले.

शिष्याचीही तीच गत झाली. दुकानातून बाहेर आल्यावर त्याला राहवेना. बोलायचे नाही हे विसरून त्याने म्हातारीला गाठले. "आजी, तू शीग घालतेस आणि तो पुसून देतो. बोलत का नाहीस?"

"हळू बोल," म्हातारी मागे वळून बघत म्हणाली. "सुतकातल्या मान्साला आसं इचारू न्हाई, बाबा."

"कसलं सुतक?"

"तू कुठला म्हनायचा? आपल्यात माप कधी पुसत्यात? मेल्या मान्साच्या नावानं दानं काढायचं, तवाच ना? जित्याचं माप शिगंनं भरायचं. शेठजीच्या घरचं कुनी जवळचं गेलंया. आमी आलो तवापास्नं बघतो, सुतक काय फिटंना बिचाऱ्याचं. त्याच्या दुक्कावर डागनी कशाला? म्हनून आमी आपली शीग जरा जास्तच घालतो."

शिष्य रस्त्यातच थांबला. हसावे की रडावे हे त्याला कळेना. एका अख्ख्या वस्तीने इतकी वर्षे एका व्यापाऱ्याच्या लबाडीचे सांत्वन केले होते.

आश्रमात परतल्यावर त्याने सगळे सांगितले. "पण हे सभेत आपण सांगावं, गुरुजी. आपलं वजन आहे."

"माझं ऐकून ते माना डोलावतील आणि घरी जातील," आचार्य म्हणाले. "माझी सवय आहे त्यांना. सांगायचं की नाही ते तू ठरव. मी भाग पाडणार नाही."

अमावास्येच्या दुपारी सभा भरली. एका बाजूला नगरातले प्रतिष्ठित, दुसरीकडे दर्यापारचे व्यापारी. आचार्य मागच्या रांगेत बसले होते. डोंगरपारच्यांना बोलावलेलेच नव्हते. दाराशी भालेकरी उभे होते; निर्णय होताच ते खाडीकडे निघणार, हे सगळ्यांना माहीत होते. शिष्य उठला.

"सांगा," नगरशेठ म्हणाला. "कोणता समाज लायक ठरला?"

शिष्याने ज्वारी, माप आणि फळी मागवली. त्याने माप भरले, शीग चढवली आणि तो थांबला.

"पुसा की ते!" नगरशेठ हसला. "आश्रमात साधं माप भरायलाही शिकवत नाहीत वाटतं?" सभाही हसली.

शिष्याने फळी हातात घेतली. ती फिरवली असती तर तो आश्रमाचा विद्वान शिष्य म्हणूनच घरी गेला असता. फळी काठापर्यंत गेली. तिथे त्याचा हात अडला.

"माझ्याच्यानं पुसवत नाही," तो म्हणाला. "आमच्यात मेलेल्या माणसासाठी पुसतात."

'आमच्यात' हा शब्द तोंडातून गेला आणि सभेतले हसू एकदम थांबले. जवळ बसलेला एक गृहस्थ नकळत थोडा दूर सरकला. शिष्याने ते पाहिले. ज्या क्षणाला तो जन्मभर भ्याला होता, तो क्षण आला होता. आणि भीती काही कमी झाली नव्हती. पण आता माघारीची वाट नव्हती. तो नगरशेठकडे वळला.

"शेठजी, खाडीकाठी सगळ्यांना एकच काळजी आहे. तुमच्या घरचं कोण गेलं? आम्ही शीग घालतो आणि तुम्ही पुसून देता. आमचे लोक समजतात की तुम्ही इतकी वर्षं सुतकात आहात. त्यांना मी काय सांगू?"

नगरशेठचा चेहरा उतरला. तेवढ्यात दर्यापारचा एक वयस्क व्यापारी चाचरत उठला. त्याच्याही आवाजात भीती होती, कारण तोही शेवटी परकाच होता.

"आमच्याकडंही शीग मागितली होती," तो म्हणाला. "पण आमचे मामा आमच्या आधीपासून या पेठेत होते. त्यांनी बंदरावरच सांगितलं, इथं फळी फिरवूनच द्यायचं आणि घ्यायचं. घाट उतरून आलेल्यांना सांगणारं कोणी नव्हतं. ते आम्ही बघत होतो. आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून गप्प बसलो."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. भालेकऱ्यांना माघारी पाठवले आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा सभा घ्यावी असे ठरले. नगर एका दुपारीत सुधारत नसते.

परतीच्या वाटेवर शिष्य आचार्यांना म्हणाला, "मी डोंगरपारचा हे आपल्याला ठाऊक होतं तर."

"कोठारात इतकी वर्षं तू शिधा देतोस," आचार्य म्हणाले. "हातानं एकदाही शीग मोडली नाहीस. जीभ बदलता येते रे. ऐक, सगळा फरक त्या शिगेनंच पडला असं मी म्हणत नाही. दर्यापारच्यांची एकी खरी आहे, मेहनत खरी आहे, ती त्यांच्यापासून कोणी काढून घेऊ नये. पण दोन घरांची तुलना करायला निघालास आणि दोन्ही घरांतच डोकावून आलास. त्या दोघांच्या मधे जो माप घेऊन बसला होता, त्याच्याकडं पाहिलंच नाहीस. आणि पाहिलं नाहीस ते मूर्खपणानं नव्हे, भीतीनं. भीती वाटली की माणूस बलिष्ठाकडं बघायचं टाळतो आणि दुबळ्यातलं उणं शोधतो."

"भीती अजूनही वाटते, गुरुजी."

"वाटणारच. जा, वस्तीत ते वाट बघत असतील."

खाडीकाठी सगळी वस्ती बाहेर उभी होती, गाठोडी डोक्यावर घेऊन. भालेकरी येणार म्हणून लहान मुलांना मधे घेतले होते. शिष्याने सांगितले की तूर्त कोणी येणार नाही, पण पावसाळ्यानंतर पुन्हा सभा आहे. मग चाचरत त्याने दुसरी गोष्ट सांगितली, की नगरशेठच्या घरी कोणाचेच सुतक नव्हते, ती फळी साध्या लोभाची होती. आता शिव्याशाप ऐकावे लागतील म्हणून त्याने मान खाली घातली.

म्हातारीने गाठोडे खाली ठेवले आणि मोठा सुस्कारा टाकला.

"म्हंजी कुनीच गेलं न्हवतं?" ती म्हणाली. "बरं झालं गं बाई. जीव लागून ऱ्हायला हुता."

ती गाठोड्याची गाठ सोडायला बसली. गाठ घट्ट होती, तिला दातांनी ओढावी लागली. अर्धी सुटल्यावर तिने मान वर केली.

"उद्या मी जाते दुकानी. मागून घेतलेली शीग अंगी लागत न्हाई म्हनत्यात. पर ही मागनी न्हवं, ही आपलीच हाय. तू येशील का संगं? एकटीला भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," शिष्य म्हणाला. "येतो."